स्टेंट टाकलाय, शुगर जुनी आहे आणि आता त्रास काहीच नाही: पुढे काय सांभाळायचं?

प्रश्न सोलापुरातल्या एका मुलाने विचारलाय. वडील ५८ वर्षांचे, पूर्व भागात यंत्रमागावर कामाला, १४ वर्षांपासून मधुमेह. फेब्रुवारीत हार्ट अटॅक आला, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी होऊन डाव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत, म्हणजे एलएडीत, एक स्टेंट टाकला. उजव्या रक्तवाहिनीत ५० टक्के ब्लॉक आहे, तो तसाच ठेवलाय. मे महिन्याचे रिपोर्ट: उपाशीपोटी साखर १७८, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ९.१, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९२, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.२, एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचं पंपिंग ४५ टक्के. वडील म्हणतात, मला काही होत नाही. मुलाला तीन गोष्टी हव्या आहेत: दाढ काढायची आहे, नातेवाईक म्हणतात रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद ठेवा, ते बरोबर का; साखर लवकर खाली कशी आणायची; आणि वडील दर आषाढीला पायी पंढरपूरला जातात, यंदा जाऊ द्यावं का.

दाढेचं आधी सांगतो, कारण ते याच आठवड्यातलं आहे. गोळी बंद करू नका. पाच दिवस तर नाहीच, एक दिवससुद्धा नाही.

वडिलांना ॲस्पिरिन ७५ आणि टिकाग्रेलॉर ९० अशा दोन गोळ्या चालू आहेत. अटॅकनंतर टाकलेल्या स्टेंटला या दोन्ही साधारण १२ महिने लागतात आणि त्यानंतर ॲस्पिरिन बहुतेकांना कायम. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचं स्वतःचं अस्तर चढेपर्यंत ती रक्ताला परकीच, तिच्यावर गुठळी धरायला वेळ लागत नाही. मधुमेहात हे अस्तर सावकाश चढतं आणि रक्तातल्या गुठळी धरणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्सही जास्त चिकट असतात. चौथ्या महिन्यात गोळी थांबवली आणि स्टेंटमध्ये गुठळी झाली, तर ती रक्तवाहिनी हळूहळू बंद होत नाही, एकदम बंद होते. तो अटॅक पहिल्यापेक्षा मोठा असू शकतो आणि त्यात माणूस जाऊ शकतो. दाढेतून येणारं रक्त मात्र दाबून, टाका घालून, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या चुळा देऊन थांबवता येतं. एका बाजूला जीव आणि दुसऱ्या बाजूला तासभर जास्त ओघळणारं रक्त, असा हा हिशोब आहे.

दातांच्या डॉक्टरांना स्टेंटची तारीख आणि गोळ्यांची नावं लिहून द्या. त्यांना शंका असेल तर हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलायला सांगा, पण तुम्ही मधल्या मध्ये काही ठरवू नका. एका वेळी एकच दाढ काढायची, सकाळची वेळ घ्यायची, वडिलांनी नाश्ता आणि नेहमीच्या गोळ्या घेऊनच जायचं. स्टेंट आहे म्हणून आधी अँटिबायोटिक द्यावं लागत नाही. दाढेत पू असेल तर गोष्ट वेगळी, मग ते इन्फेक्शनसाठी द्यावंच लागेल. दुखण्यावर पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, केटोरोलॅक यातलं काहीही नको: ही औषधं पोटात रक्तस्राव करतात, किडनीला मारतात, आणि आयब्युप्रोफेन तर ॲस्पिरिनचं कामच अडवतं. पाठ-गुडघे दुखले की मेडिकलमधून 'कॉम्बिफ्लाम द्या' म्हणून आणायची सवय घरात असेल तर ती आजपासून बंद. दाढेचं दुखणं फार नसेल आणि थोडं थांबता येत असेल, तर साखर जरा खाली आल्यावर जखमही लवकर भरेल. पण ठणकणारी, सुजलेली दाढ साखरेसाठी थांबवू नका, कारण तिचं इन्फेक्शनच साखर वर धरून ठेवतं.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पत्रातलं 'त्रास काहीच नाही' हे वाक्य मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटलं.

जुन्या मधुमेहात पायाच्या नसा जशा बधिर होतात, तशाच हृदयाकडून वेदना कळवणाऱ्या नसाही बोथट होतात. मधुमेह नसलेल्या माणसाची स्टेंटमधली जागा पुन्हा अरुंद झाली की चालताना छातीत आवळतं आणि तो स्वतःच दवाखान्यात येतो. मधुमेही माणसाला तितकंच अरुंद झालेलं असताना फक्त दमल्यासारखं वाटतं. घरचे म्हणतात, वय झालं, ऊन आहे, झोप झाली नसेल. म्हणून मधुमेही माणसाची तपासणी त्रासावर ठेवता येत नाही, ती तारखेवर ठेवावी लागते. बरं वाटत असलं तरी ठरलेल्या दिवशी यायचं. माझ्या ओपीडीत सर्वात उशिरा येणारा पेशंट बहुधा हाच असतो, ज्याला काहीच होत नव्हतं.

स्टेंटने एका जागेचा अडथळा काढला, आजार काढला नाही. तुमच्या घरात समजेल असं सांगायचं तर मागावर तुटलेल्या धाग्याला गाठ मारली, पण सूत तेच आहे. मधुमेहात रक्तवाहिन्या मुळात बारीक आणि लांबवर खराब झालेल्या असतात, एका ठिकाणी नाही. उजवीकडचा ५० टक्क्यांचा ब्लॉक तसाच ठेवला म्हणून घाबरून जाऊ नका, 'अर्धवट काम केलं' असंही म्हणू नका. तिथून रक्त पुरेसं जात असेल तर स्टेंट टाकून फायदा होत नाही. पण पुढचा अटॅक ९० टक्के ब्लॉकमधूनच येतो असंही नाही. ४०-५० टक्क्यांच्या मऊ, चरबीने भरलेल्या थराला चीर पडली की तिथे गुठळी होते आणि अटॅक येतो. तो थर घट्ट आणि शांत ठेवण्याचं काम गोळ्या करतात, स्टेंट करत नाही. 

म्हणून एलएडीचा स्टेंट एवढाच विषय नाही. एलडीएल ९२ हा आकडा मला एचबीए१सीइतकाच खटकला. लॅबच्या कागदावर त्याच्यापुढे 'नॉर्मल' छापलेलं असेल, ते निरोगी माणसासाठी. अटॅक येऊन गेलेल्या मधुमेही माणसाचं एलडीएल ५५ च्या खाली हवं, आणि भारतातले बरेच तज्ज्ञ त्याहूनही खाली धरतात. वडिलांना अटोरव्हास्टॅटिन ४० ही कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन गटातली गोळी चालू आहे. आता नुसता डोस दुप्पट केला तर एलडीएल जेमतेम सहा टक्के अजून उतरतं. त्याऐवजी एझेटिमाइब १० ची गोळी जोडली तर वीसेक टक्के उतरतं. तुमच्या केसमध्ये मी दोन्ही करेन: स्टॅटिन वाढवेन किंवा त्याच गटातल्या रोझुव्हास्टॅटिनवर नेईन, शिवाय एझेटिमाइब जोडेन आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासेन. तेव्हाही खाली आलं नसेल तर पुढची औषधं आहेत, इंजेक्शनंही आहेत. हा डोस तुमच्या डॉक्टरांनी बदलायचा आहे, पण प्रश्न तुम्ही विचारा: 'एलडीएल ५५ च्या खाली कधी येणार?' कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करणारे बरेच भेटतात. ते गोळीमुळे नॉर्मल आलंय. आणि स्टॅटिनने साखर थोडी वाढते हे खरं आहे, अगदी थोडी. तिच्यापायी स्टॅटिन सोडणं परवडत नाही.

तुमच्या डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला जाताना एक करा: घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा, नुसती चिठ्ठी नको. माझ्याकडे येणाऱ्यांची ती पिशवी मी टेबलावर रिकामी करून घेतो. त्यातून जे दिसतं ते कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही. डिस्चार्जच्या वेळची अटोरव्हास्टॅटिनची एक पट्टी, मेडिकलवाल्याने दिलेली दुसऱ्या कंपनीची तीच गोळी वेगळ्या नावाने, आणि पेशंट इमानेइतबारे दोन्ही घेतोय. गुडघ्यासाठी आणलेली डायक्लोफिनॅकची अर्धी पट्टी. कुणीतरी दिलेली 'ब्लॉक विरघळवायची' पावडर. आणि टिकाग्रेलॉरच्या पट्टीत महिन्याअखेर उरलेल्या गोळ्या. त्या उरलेल्या गोळ्या मी आधी मोजतो. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा घ्यायची असते, बारा-बारा तासांनी, आणि चुकते ती बहुतेक संध्याकाळची. वडील पाळीवर जातात. बारा तासांची पाळी असेल तर ती सोयीचीच आहे: पाळीला जाताना एक, पाळीवरून आल्यावर एक. रात्रपाळी-दिवसपाळी बदलली तरी हिशोब तोच राहतो.

टिकाग्रेलॉरने काही लोकांना पहिल्या काही दिवसांत-आठवड्यांत धाप लागल्यासारखं होतं, बसल्या जागीसुद्धा. बहुतेकांचं ते कमी होतं. पण धाप हे हृदय कमजोर पडल्याचंही लक्षण असतं, म्हणून तपासून घ्यायचं, मनाने गोळी सोडायची नाही. खर्च परवडत नसेल तरीही तसं सांगा. क्लोपिडोग्रेलवर बदलता येतं, पण बदलताना पहिला डोस किती आणि कधी द्यायचा हे डॉक्टर ठरवतात. आज ही बंद, उद्या ती चालू असं घरी करायचं नसतं. क्लोपिडोग्रेल चालू झाली तर ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल नको, पॅन्टोप्राझोल चालेल. पहिल्या दोन गोळ्या क्लोपिडोग्रेलची ताकद कमी करतात. आणि ॲस्पिरिन ७५ चीच राहू द्या. टिकाग्रेलॉरसोबत ॲस्पिरिन रोज १०० मिलिग्रॅमच्या वर गेली की उलट फायदा घटतो. संडास डांबरासारखी काळी, चिकट झाली तर त्याच दिवशी दाखवा, पोटात रक्तस्राव असू शकतो. लोहाच्या गोळीनेही ती काळी होते, म्हणून लोह चालू असेल तर तेही सांगा.

लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगरच्या काढ्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण घरात कुणीतरी बाटली भरून ठेवलीच असेल. त्याने ब्लॉक विरघळत नाही. घेतला म्हणून लगेच अपायही होईल असं नाही. अपाय तेव्हा होतो जेव्हा तो सुरू झाल्यावर 'आता गोळ्या कमी करू' असं ठरतं.

आता साखर. एचबीए१सी ९.१ खाली आणायचंय, पण तुमच्या प्रश्नातला 'लवकर' हा शब्द मी काढून टाकेन. अमेरिका आणि कॅनडात ॲकॉर्ड नावाचा मोठा अभ्यास झाला, दहा हजारांहून जास्त मधुमेही त्यात होते, त्यांना हृदयरोग होता किंवा होण्याचा धोका मोठा होता. एका गटाचं एचबीए१सी ६ च्या खाली नेण्याचा जोरदार प्रयत्न झाला, आणि २००८ साली तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण त्या गटात मृत्यू जास्त झाले. हृदयाला साखर वर असलेली सोसत नाही, पण धाडकन खाली आलेलीही सोसत नाही. साखर ५५-६० पर्यंत उतरली की शरीर ॲड्रेनलिन सोडतं, ठोके वाढतात, लय बिघडू शकते. अटॅक येऊन गेलेल्या हृदयाला तो धक्का नको. वडिलांसाठी मी सहा महिन्यांत ७ च्या आसपासचं उद्दिष्ट ठेवेन. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाला साडेसात-आठही चालतं.

कोणत्या गोळीने साखर उतरते हेही आता महत्त्वाचं आहे. पूर्वी आम्ही फक्त आकडा बघायचो. २०१५ साली एम्पा-रेग हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि विचार बदलला: हृदयरोग असलेल्या मधुमेहींना एम्पाग्लिफ्लोझिन दिल्यावर हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले. ही आणि डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, हृदय कमजोर पडण्याचा धोका कमी करतात, किडनी सांभाळतात. डापाग्लिफ्लोझिन आता जेनेरिकमध्ये स्वस्तात मिळते. तुमच्या यादीत मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज आहे, या गटातलं काहीच नाही. वडिलांचं पंपिंग ४५ आहे, क्रिएटिनिन १.२ आहे, मला ही गोळी त्यांच्यासाठी अगदी योग्य वाटते. ती सुरू करताना ग्लिमेपिराइड कमी करावी लागेल, नाहीतर साखर उतरण्याची भीती. वजन जास्त असेल आणि खर्च झेपत असेल तर लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड या इंजेक्शनांचाही हृदयाला फायदा सिद्ध झालेला आहे. पायोग्लिटाझोन मात्र कमजोर हृदयाला नको, अंगावर पाणी धरतं.

मे महिन्यात सोलापुरात डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी सुरू करताना मी हात जरा आखडता घेतो. पारा ४२-४३ च्या वर, मागाच्या शेडमध्ये पत्र्याखाली त्याहून जास्त, घामाच्या धारा, आणि त्यात लघवी वाढवणारी गोळी आणि बीपीची टेल्मिसार्टन. पाणी कमी पडलं तर बीपी उतरतं, चक्कर येते, क्रिएटिनिन चढतं. म्हणून कामावर पाण्याची बाटली भरलेली हवी, आणि दोन आठवड्यांनी बीपी, क्रिएटिनिन, पोटॅशियम बघायचं. लघवीच्या जागी खाज, पांढरेपणा आला तर लाजू नका, बुरशी असते, मलमाने जाते. रोज पाण्याने धुऊन कोरडं ठेवलं तर सहसा होतही नाही.

उलट्या-जुलाब झाले, जेवण जात नाही, त्या दिवसाचा नियम कागदावर लिहून फ्रिजवर लावा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन थांबवायची, मेटफॉर्मिन थांबवायची, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी असेल तर डॉक्टरांना फोन करून त्या दिवसापुरती थांबवायची. जेवणच नसेल तर ग्लिमेपिराइडही नको. इन्सुलिन चालू असेल तर पूर्ण बंद करायचं नाही, डोस विचारायचा. ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर मात्र चालूच. गोळी उलटीत पडली तर तेही फोनवर सांगा. डापाग्लिफ्लोझिन गटात साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं; मळमळ, पोटदुखी, जोराचा श्वास असेल तर 'शुगर तर १८० आहे' म्हणून घरी बसू नका. निर्जळी उपवासाला, रमजानच्या रोज्याला, मोठ्या ऑपरेशनच्या आधी ही गोळी कधी थांबवायची ते आधीच विचारून ठेवावं. ऑपरेशनआधी साधारण तीन दिवस थांबवतात.

साखर उतरल्याची खूण वडिलांना शिकवा. ते मेटोप्रोलॉल ही हृदयाचे ठोके आवरणारी गोळी घेतात, ती थरथर आणि धडधड झाकून टाकते. घाम मात्र झाकला जात नाही. एसटीत, कामावर अचानक गार घाम आला आणि डोकं सुन्न झालं तर शक्य तर ग्लुकोमीटरने बघायचं, नाहीतर लगेच गोड घ्यायचं. त्यांच्या गोळीत व्होग्लिबोज आहे म्हणून हे नीट ऐका: व्होग्लिबोज साध्या साखरेचं पचन अडवतं. चहातली साखर, गूळ, पेढा यांचा परिणाम उशिरा होतो. त्यांच्या खिशात ग्लुकोज पावडरची पुडी हवी, तीन चमचे पाण्यात. शेंगा लाडू किंवा चिक्कीही नको, शेंगदाण्याच्या तेलामुळे साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, मग जेवायचं. आणि गार घाम आला, पण साखर १५० असेल, तर मग तो हृदयाचा घाम समजायचा.

इथेच धोक्याची लक्षणं सांगतो. मधुमेही माणसात छातीत कळ येईलच असं नाही. दोन जिने चढताना काल जी धाप नव्हती ती आज आहे. जबडा, गळा, डावा खांदा जड. बेंबीच्या वर जळजळ आणि सोबत घाम. एकाएकी आलेला विलक्षण थकवा. स्टेंट टाकलेल्या माणसाला यातलं काही दहा मिनिटांत थांबलं नाही तर तो गॅस नाही, ईसीजी निघेपर्यंत तो हृदयविकारच. सॉर्बिट्रेट ५, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, जिभेखाली ठेवायची ती बसून, उभ्याने नाही, बीपी पडतं. १०८ ला फोन करा, आणि शक्य असेल तर थेट कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय, असलेल्या रुग्णालयात. अक्कलकोट-मंगळवेढ्याकडून येणाऱ्यांनी आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढून घेतला तरी चालेल, पण तिथे रांगेत बसायचं नाही, 'स्टेंट आहे, छातीचं आहे' असं मोठ्याने सांगायचं. डिस्चार्जच्या वेळच्या ईसीजीचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. जुना ईसीजी शेजारी असला की नवीन बदल डॉक्टरांना पटकन दिसतो.

तारखा अशा. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी. औषध बदललं की सहा आठवड्यांनी लिपिड, म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी, मग सहा महिन्यांनी. बीपी १३०-८० च्या खाली, घरच्या मशीनवर. पंपिंग ४५ असल्याने एको आत्ता एकदा आणि मग वर्षाने. किडनीसाठी नुसतं क्रिएटिनिन पुरत नाही, ते उशिरा वाढतं. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण वर्षातून एकदा बघायचं, ते ३० च्या खाली हवं. डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा. दरवर्षी 'चेकअप' म्हणून अँजिओग्राफी किंवा सीटी अँजिओ करायची गरज नाही. लक्षण नसताना त्यातून फायदा होत नाही, शिवाय त्यात टोचायच्या औषधाचा (कॉन्ट्रास्टचा) किडनीवर भार. पुढे कधी एमआरआय सांगितला तर करा, आताच्या स्टेंटला तो चालतो.

तंबाखूचं तुम्ही लिहिलं नाही, म्हणून विचारतो. मागावर झोप येऊ नये म्हणून चुना-तंबाखू मळणारे आणि घरात मशेरी लावणाऱ्या बायका मी रोज बघतो. 'बिडी सोडली, आता फक्त मशेरी' याला सोडलं म्हणत नाहीत. निकोटिनची च्युइंगम चालते, १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट मदत मिळते. या एका सवयीचं वजन माझ्या लेखी दोन गोळ्यांपेक्षा जास्त आहे.

खाण्याबाबत आपल्याकडे एक पक्का समज आहे की ज्वारीची भाकरी खाल्ली की साखर वाढत नाही. मालदांडीची भाकरी मैद्याच्या पावापेक्षा कितीतरी बरी, पण तीही पिठाचीच. कडक भाकरी पातळ असते म्हणून आमटीत कुस्करून तीन-चार कधी पोटात जातात कळत नाही. दोन मोजून घ्या आणि ताटात भाजी-उसळ वाढवा. शेंगा चटणीचा शेंगदाणा वाईट नाही, तिच्यातलं मीठ आणि तिचं प्रमाण बघा, दोन चमच्यांवर थांबा. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. एकादशीची साबुदाण्याची खिचडी ही साखर चढवण्यात भातापेक्षा पुढे आहे. राजगिरा, भगर थोडी, ताक, काकडी असा उपवास करता येतो. उपवासाला गोळ्या सोडायची पद्धत मात्र कुठल्याच देवाने सांगितलेली नाही.

एक गोष्ट वडील मुलाला विचारणार नाहीत, म्हणून मीच लिहितो, त्यांना वाचायला द्या. दोन जिने न दमता चढता येत असतील तर पती-पत्नीचे संबंध ठेवायला हरकत नाही. पण ताकदीच्या गोळ्या, सिल्डेनाफिल, टॅडालाफिल, डॉक्टरांना न विचारता नकोत. त्या घेतल्यावर सॉर्बिट्रेट घेतली तर बीपी जीवघेणं पडतं. सिल्डेनाफिलनंतर २४ तास, टॅडालाफिलनंतर ४८ तास सॉर्बिट्रेट चालत नाही. आणि अटॅकनंतर माणूस गप्प राहू लागला, रात्री दचकून उठू लागला, कामावर जायची भीती वाटू लागली, तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे. उदास माणूस गोळ्या सोडतो, हे मी फार वेळा पाहिलंय.

पैशाचं: स्टेंटच्या किमतीवर २०१७ मध्ये सरकारने मर्यादा आणली, जन आरोग्य योजनेतून बऱ्याच जणांची अँजिओप्लास्टीही होते. अडतं ते नंतरच्या महिन्याच्या गोळ्यांवर. योजनेत काही उपचारांनंतरच्या फॉलोअपची तरतूद असते, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या. जनऔषधी केंद्रात यातल्या बऱ्याच गोळ्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, सिव्हिलच्या ओपीडीतही दाखवता येतं. दोन गोळ्या परवडत नाहीत म्हणून दिवसाआड घेणं सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा, जवळपास प्रत्येक गोळीला स्वस्त पर्याय निघतो.

राहिली वारी. वडिलांची ओढ मला कळते, आणि 'आता वारी बंद' असं मी कुणाला सहसा सांगत नाही. चालणं त्यांना हवंच आहे, रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला किंवा होम मैदानावर. पण सोलापूर ते पंढरपूर सत्तरेक किलोमीटर, दिंडीच्या वेगाने, कधी ऊन कधी पाऊस, जेवणाची वेळ दुसऱ्याच्या हाती, आणि अटॅकला पाचच महिने झालेले. यंदा पूर्ण पायी नको. त्यांनी एसटीने पुढे जावं आणि शेवटचे चार-पाच किलोमीटर दिंडीत चालावं. तेही आत्तापासून रोज तेवढं सहज चालत असतील आणि एको, ईसीजी बघून डॉक्टर हो म्हणाले तरच. पुढच्या वर्षी ट्रेडमिल टेस्ट चांगली आली तर पूर्ण वारीचं बोलू.

निघण्याआधी त्यांचे पाय बघा. मी पेशंटला डोळे मिटायला सांगून पातळ नायलॉनच्या तंतूने तळव्याला स्पर्श करतो आणि 'लागलं की सांगा' म्हणतो. चौदा वर्षांच्या मधुमेहात अंगठ्याखाली तंतू वाकेपर्यंत दाबला तरी कित्येकजण गप्पच असतात. असा पाय अनवाणी चालला तर फोड येऊन फुटला तरी कळत नाही. म्हणून अनवाणी नाही, नवी चप्पलही नाही. वापरातले बूट, सुती मोजे, रात्री मुक्कामाला बॅटरीच्या उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः बघायच्या, त्यांच्या डोळ्यांवर सोडायचं नाही. चालताना पोटरी आवळते आणि थांबलं की सुटते असं असेल तर पायाच्या रक्तवाहिन्याही तपासायला हव्यात. फ्लूची लस जूनआधी घ्या. गर्दीत ताप-खोकला पसरतो, आणि फ्लूच्या तापात अटॅकचा धोका वाढतो. गोळ्या चार दिवस जास्तीच्या न्या, निम्म्या त्यांच्या खिशात, निम्म्या तुमच्या पिशवीत. गळ्यातल्या पाकिटात एक चिठ्ठी: मधुमेह, फेब्रुवारीत एलएडीत स्टेंट, ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर चालू, तुमचा मोबाइल नंबर. इन्सुलिन पुढे सुरू झालं तर ते उन्हात तापलेल्या पिशवीत ठेवू नका, मडक्याच्या गारव्यात किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात ठेवा. आणि वाटेत कितीही आग्रह झाला तरी पंगतीतला शिरा दोन घासांवर थांबवायला तुम्ही त्यांच्या शेजारी बसा.